डायरीत नुसतंच ‘बदली’

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ग्रामीण डाक सेवकांची भरती निघाली की आपल्या अंकात जागा किती आणि शेवटची तारीख कोणती ते छापून येतं. ती जागा त्या दिवसापर्यंत कोण सांभाळत होतं, हे कधी वाचल्याचं आठवत नाही. त्याबद्दल लिहितोय.

मी पोस्टात अडतीस वर्षं काढली. २०२४ साली मेल ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो. ओव्हरसियर म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. खेड्यातल्या शाखा डाकघरांत फिरायचं, रोकड मोजायची, लोकांच्या घरी जाऊन पासबुकं ताडायची, थैली वेळेवर पोचते का बघायचं आणि सगळं इन्स्पेक्टर साहेबांच्या कानावर घालायचं. याशिवाय एक काम होतं, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. बदली शोधायची, आणि गरज संपली की तिला घरी बसवायचं.

डाक सेवक रजेवर गेला, आजारी पडला, निवृत्त झाला किंवा चौकशीसाठी थांबवला गेला, की त्याच्या जागी जो तात्पुरता माणूस उभा करतात त्याला आमच्यात बदली म्हणतात. कागदोपत्री त्याला ‘आउटसायडर’ असा शब्द आहे. सात-सात वर्षं थैली वाहिलेली माणसंही कागदावर बाहेरचीच.

गेल्या महिन्यात अशीच एक बाई माझ्या कसबा बावड्यातल्या घरी आली. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी भागातली. तालुका आणि गाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथं लिहिलं की ती कोण हे दहा गावांना कळेल. मी तिला वहिनी म्हणतो, तिथं सगळेच म्हणतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार, दहावीचं सर्टिफिकेट, रेशनकार्ड. म्हणाली, “साहेब, बँकेच्या गावातल्या केंद्रावर काम मिळतंय. अनुभवाचा दाखला आण म्हणत्यात. तुमच्या सहीचा काय कागद असंल तर द्या.”

माझ्याकडं कागद नव्हता. पण खिशातल्या डायऱ्या मी जपून ठेवल्यात, कुठल्या दिवशी कुठल्या गावाला गेलो याच्या. त्या दोघांनी मिळून चाळल्या. २०१६ ते २०२३ एवढ्या काळात तिच्या गावाला मी एकतीस वेळा गेलोय. एकतीसही नोंदी माझ्याच अक्षरात. “बदली हजर. रोकड बरोबर.” “बदली हजर. वाटप ठीक.” एका ठिकाणी “बदली हजर, पाऊस फार.” तिचं नाव एकदाही नाही. मुख्य सेवकाचं नाव मात्र तो निवृत्त होईपर्यंतच्या प्रत्येक पानावर आहे, तो माणूस त्या वेळी अंथरुणाला खिळलेला असूनही. ती काही बोलली नाही. मला मात्र चहा गिळेना.

हकीकत अशी. तिचे चुलत सासरे तिथं डाक सेवक होते. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि २०१६ पासून थैली हिच्याकडं आली. सेवकानं रजा घ्यायची तर बदली स्वतःच्या जबाबदारीवर द्यायची, बदलीनं काही घोळ केला तर तो त्याच्याच अंगावर, ही पद्धत जुनी. त्या बदलीला अधिकाऱ्याची लेखी मंजुरी घ्यायची हेही नियमातच आहे. सुरुवातीला असा एखादा कागद झाला असेल, पुढं कोणी विचारलं नाही. २०१८ साली सासरे पासष्टचे झाले आणि निवृत्त झाले. जागा रिकामी. आता तिला बदली तरी कुणाची म्हणायचं? तरीही थैली तिच्याकडंच राहिली. मधल्या वर्षांत दोनदा ऑनलाइन निवड झाली. एक जण आलाच नाही, दुसरा कागदपत्रांच्या तपासणीत गळाला. प्रत्येक वेळी मी तिला सांगितलं, “वहिनी, अजून थोडे दिवस.”

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर सगळ्यांनी टीव्हीवर बघितला. करवीर, शिरोळ पाण्याखाली गेलं. वरच्या अंगाला डोंगरात कॅमेरे गेले नाहीत. तिथं पाणी साचत नाही, पण दरडी येतात, मोऱ्या वाहून जातात आणि एसटी बंद पडते. नऊ दिवस एसटी नव्हती. दहाव्या दिवशी मी चालत गेलो, तर थैली तिनं खताच्या पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली आणि आधीच आलेली पत्रं खोळ पांघरून वाड्यांवर वाटून झालेली. त्यात तीन आरडीची पासबुकं होती. एकाचंही पान भिजलं नव्हतं. त्या दिवसाची माझी नोंद, “बदली हजर. रेकॉर्ड सुरक्षित.”

२०२३ च्या ऑगस्टमध्ये तिसरा उमेदवार आला. आदल्या दिवशी संध्याकाळी मला वरून निरोप आणि माझा तिला फोन. मी म्हटलं, “वहिनी, उद्यापासून नवीन पोरगा येतोय. थैली, शिक्के, सगळं त्याच्याकडं द्या.” ती म्हणाली, “बरं. पण उद्या वरच्या वाडीतल्या म्हातारीचे निराधारचे पैसे हाईत. तिला ऐकू येत न्हाई, दार जोरात वाजवाय सांगा त्याला.” सात वर्षांची नोकरी दीड मिनिटात संपली. फोन मी केला होता, म्हणून लिहितोय.

कोणी म्हणेल, तुम्हाला निवृत्तीनंतर कंठ फुटला. म्हणू द्या. मी स्वतः बदलीवरच लागलो. माझे वडील ईडी होते. डाक सेवकांना तेव्हा एक्स्ट्रा डिपार्टमेंटल म्हणायचे, खात्यातले पण खात्याबाहेरचे. त्यांच्या पायाला जखम झाली तेव्हा मी थैली उचलली आणि १९८६ साली तिथंच चिकटलो. पुढं परीक्षा देऊन पोस्टमन झालो. माझ्या वेळी साहेबांनी माझं काम बघितलं होतं हे खरं, आणि वडिलांनी गावच्या एका वजनदार माणसाला मध्ये घातलं होतं हेही खरं. त्या वाटेनं किती जण आत आले आणि किती जणांना दारातूनच परत पाठवलं गेलं, हे मला माहीत आहे. शाखा डाकघरासाठी स्वतःची जागा लागायची, उत्पन्नाचं दुसरं साधन दाखवावं लागायचं. म्हणजे घर कुणाचं, जमीन कुणाची, गल्ली कोणती, इथंच अर्धी निवड होऊन जायची. उरलेली कारखान्याच्या संचालकाच्या चिठ्ठीवर.

म्हणून ऑनलाइन भरतीला मी नावं ठेवत नाही. दहावीचे गुण, दशांश चिन्हापुढं चार आकडे, यंत्र यादी लावतं, कुणाची चिठ्ठी चालत नाही. गोरगरिबांची पोरं त्यातून लागली. आमच्या या गावात आलेला मुलगाही मराठवाड्यातल्या शेतमजुराचा. सत्त्याण्णव टक्के. नम्र पोरगा, सांगितलेलं ऐकणारा. वाड्यांची नावं पाठ व्हायला त्याला दोन महिने लागले, त्यात त्याचा दोष नाही. वहिनीनंच त्याला पहिले चार दिवस वाटा दाखवल्या. फुकट.

पण त्या यादीत एक गोष्ट खटकते. वहिनी १९९९ साली दहावी झाली, एकसष्ट टक्के. तेव्हा गावात एकसष्ट टक्के म्हणजे पेढे वाटायचे. २०१० पासून बोर्डात बेस्ट ऑफ फाइव्ह आलं, म्हणजे चांगल्या पाच विषयांचेच गुण धरायचे, तोंडी आणि अंतर्गत गुण आले, आणि नव्वदच्या पुढं गर्दी झाली. आता यंत्र १९९९ चे एकसष्ट आणि परवाचे सत्त्याण्णव एकाच ओळीत लावतं. सात वर्षं बिनचूक काम केल्याचा त्यात अर्धाही गुण नाही. ती आता बेचाळीसची आहे. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा चाळीस. म्हणजे तिच्यापुरता अर्जाचा रकानाही संपला.

आता दुसरी बाजू, कारण माझ्या खात्यातले जुने सहकारी हे वाचून ‘त्याचं आठवत नाही का’ म्हणणार आहेत. आठवतं. एका गावात बदलीवर ठेवलेल्या पोरानं अकरा बायकांचे आरडीचे हप्ते पासबुकावर लिहिले आणि खात्यात भरलेच नाहीत. मीच पकडला. एक बाई म्हणाली, “साहेब, पोरीच्या लग्नाचं हुतं वो.” तो पोरगा पळाला आणि पैसे भरले ज्याच्या जबाबदारीवर तो ठेवला होता त्या सेवकानं. शेळ्या विकून. म्हणून बदलीला डोळे झाकून कायम करा, असं मी म्हणत नाही. पण तेव्हाही अडचण हीच आली. पोलिसांनी विचारलं, हा तुमचा कर्मचारी होता याचा कागद कुठाय? कागद नव्हता. म्हणजे चोराला धरायलाही तोच कागद लागतो आणि इमानदाराला दाखला द्यायलाही तोच.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण गावोगावचे बदलीवाले गैरसमजात असतात. एकशे ऐंशी दिवस भरले की कायम होतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं आणि त्या आशेवर ते फुकाफुकी राबतात. तसं नाही. देबिका गुहा यांच्या प्रकरणात २००० सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की एवढे दिवस भरले म्हणून बदलीला कायम होण्याचा हक्क मिळत नाही. उलट जो रीतसर नेमलेला सेवक आहे त्याला संरक्षण बरंच आहे. राजम्मा खटल्यात १९७७ साली न्यायालयानं म्हटलं की ईडी हे नागरी पद आहे, चौकशी केल्याशिवाय काढता येणार नाही. तीन वर्षांच्या आत काढायचं झालं तरी एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा मोबदला द्यावा लागतो. चौकशीपुरतं थांबवलं, ज्याला आम्ही ‘पुट ऑफ’ म्हणतो, तर मोबदल्याचा थोडाच भाग हातात पडतो. तेवढ्यात घर चालत नाही हा वेगळा विषय, आणि नव्वद दिवसांनंतर त्यात वाढ करता येते हे बऱ्याच सेवकांना कोणी सांगतही नाही. पूर्वी तर तेवढंही नव्हतं.

या दोघांच्या मध्ये एक तिसरा असतो. रिकाम्या जागेवर रीतसर आदेश देऊन तात्पुरता नेमलेला. त्याच्यासाठी महासंचालकांचं १९७९ सालचं पत्र आहे. अशा माणसानं तीन वर्षं काम केलं असेल आणि प्रशासकीय कारणानं त्याला काढावं लागलं, तर त्याचं नाव प्रतीक्षा यादीत घ्या आणि दुसरी जागा देण्याचा प्रयत्न करा, असं त्यात आहे. आता बघा. २०१८ साली सासरे निवृत्त झाले त्या दिवसापासून वहिनी रिकाम्या जागेवर काम करत होती. बदली नव्हतीच ती. त्या दिवशी कोणी अर्ध्या पानाचा आदेश टाइप केला असता, तर २०२३ मध्ये तिचं नाव यादीत लागण्याचा प्रश्न तरी उभा राहिला असता. थैली तीच, वाड्या त्याच, फरक अर्ध्या पानाचा. तो आदेश का काढत नाहीत? साहेब लोक वाईट असतात म्हणून नव्हे. आदेश काढला की जबाबदारी आली, वरून विचारणा आली. फोनला कसली विचारणा? मीही माझ्या साहेबांना कधी म्हटलं नाही की साहेब, हिला आदेश द्या. सुचलंच नाही म्हणालो तर खोटं होईल. सुचलं होतं. कटकट नको म्हणून गप्प बसलो.

तरी कागद अगदीच नसतो असं नाही. बदलीला पैसे मिळतात ते एसीजी-१७ च्या पावतीवर, आणि त्या पावतीवर तिचं नाव असतं, सही असते. म्हणून मी वहिनीला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प न लावता पोस्टल ऑर्डर जोडून माहिती अधिकाराचा अर्ज करायला लावला. केंद्राच्या कार्यालयाला स्टॅम्प चालत नाही, हे तरी माझ्या अनुभवाचं फळ. उत्तर आलं. शेवटच्या दीड वर्षाच्या पावत्यांच्या प्रती मिळाल्या. त्याआधीचं रेकॉर्ड जतन कालावधी संपल्यानं उपलब्ध नाही. म्हणजे साडेपाच वर्षं रद्दीत. तिनं त्या प्रती हातात घेतल्या आणि आपलीच सही बराच वेळ बघत बसली. “ही बगा, ह्या महिन्यात माझा अंगठा कापला हुता, म्हणून सही वाकडी आलीया.”

दाद मागायची म्हटलं तर? २०२५ च्या ऑगस्टपासून आपल्याकडं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं. पन्नास वर्षांच्या लढ्याचं चीज झालं म्हणून आम्हीही आनंद केला. पण पोस्टाच्या नोकरीचं भांडण आधी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात न्यावं लागतं, आणि आपल्यासाठी ते मुंबईला. तिथं हरलं तर मग उच्च न्यायालय. मुदत साधारण एक वर्षाची. थैलीमागं मिळणाऱ्या पैशांवर मुंबईच्या किती खेपा होतील हे मी हिशेबाचा माणूस म्हणून सांगू शकतो. दुसरी खेप होत नाही.

म्हणून कोर्टाकडं बघण्याऐवजी उपविभागाच्या टेबलावर होण्यासारखं काय आहे तेवढं मागतो. बदली ठेवली त्याच दिवशी तिच्या नावाची, जागेची आणि तारखेची एक चिठ्ठी तिच्या हातात पडावी. जागा रिकामी होऊन महिना उलटला आणि तीच व्यक्ती काम करत राहिली, तर तिला तात्पुरत्या नेमणुकीचा आदेश मिळावा, मुदतीसह, ‘नियमित उमेदवार आला की नेमणूक संपेल’ या अटीसह. अट घाला, हरकत नाही. काढताना चार ओळी लेखी द्या आणि आठ-पंधरा दिवस आधी द्या. तक्रार असेल म्हणून काढत असाल तर तक्रार काय ते सांगा आणि तिचं म्हणणं ऐका. मी एका पोराला ‘पत्रं उशिरा देतो’ या एका तोंडी तक्रारीवर थांबवलंय. नंतर कळलं की तक्रारदाराच्या घरच्या विहिरीच्या वाटेवरून त्यांचं भांडण होतं. आणि जाताना किती दिवस काम केलं याचा शिक्क्याचा दाखला द्या. यात सरकारचा एक रुपया जात नाही. कागद जातो, आणि कागदाला पोस्टात कधी तोटा नव्हता.

भरतीत अनुभवाला पाच-दहा गुण द्यावेत का, यावर माझं मन अजून डळमळतं. द्यावेत असं वाटतं. लगेच वाटतं, उद्या बदलीवर लागायलाच चिठ्ठ्या सुरू होतील आणि पुन्हा संचालकांचे दिवस येतील. ठेवतानाच गावच्या फलकावर नाव लावलं, चार जणांचे अर्ज घेतले, तर कदाचित जमेल. हे माझ्यापेक्षा शहाण्यांनी ठरवावं.

तो मराठवाड्यातला पोरगा यंदा दुसऱ्या नोकरीत लागला, राजीनामा देऊन गेला. चांगलं झालं त्याचं. लाडक्या बहिणीच्या पैशांसाठी खाती उघडायची झुंबड होती तेव्हा बायका यंत्रावर अंगठा ठेवायला त्याच्यासमोर बिचकायच्या आणि तो वहिनीला शेजारी बसायला बोलवायचा, हे तिनंच हसत सांगितलं. तो गेल्यावर आठ दिवसांनी तिला पुन्हा फोन आला. मी नाही, माझ्या जागी आलेल्यानं केला. “थोडे दिवस बघा की.” तिनं विचारलं, “कागद देणार का?” तो म्हणाला, “साहेबांना विचारतो.”

ती माझ्याकडं आली त्याला आज एकवीस दिवस झाले. अजून फोन नाही. थैली सध्या शेजारच्या गावच्या सेवकाकडं जोडलीय, तो एक दिवसाआड येतो. बँकेच्या केंद्राला मी माझ्या एकतीस भेटींच्या तारखा साध्या कागदावर उतरवून, प्रत्येक तारखेपुढं या वेळी तिचं नाव लिहून, सही करून दिल्या आहेत. शिक्का नाही म्हणून ते विचार करून सांगतो म्हणाले.

माझं नाव छापू नये, त्यावरून तिचं गाव कळेल. आपल्याकडं माझा पत्ता आहे. अधीक्षक कार्यालयातल्या कोणाला डायऱ्या बघायच्या असतील तर मी सकाळी दहानंतर घरीच असतो.

आपला,
एक निवृत्त मेल ओव्हरसियर
कसबा बावडा, कोल्हापूर